बुधवारचे चित्रहार आणि मंडईची खडी गंमत

१/
साल १९८६ च्या आसपासचे. बुधवारची रात्र, आठ वाजण्याच्या बेतात. पवनी तालुक्यात वैनगंगेच्या काठी असलेल्या एका गावात, गुरुजींच्या कवेलू घराच्या अंगणात बारा वर्षांचा एक मुलगा लोखंडी नळा दोन्ही हातांनी धरून उभा आहे. नळ्याच्या टोकाला, उंच अंधारात, अँटेना.
"आलं का?"
"आलं, आलं... गेलं!"
"आता?"
"मुंग्याच दिसून राह्यल्या!"
आत पन्नासएक माणसे श्वास रोखून बसली आहेत. चित्रहार सुरू व्हायचे आहे.

२/
पवनी म्हटले की इतिहासप्रेमींना जगन्नाथ टेकडीवरचा स्तूप आठवतो. हा थ्रेड मात्र त्याच परिसरातील अगदी अलीकडच्या, चाळीस वर्षांपूर्वीच्या इतिहासाचा आहे. दूरदर्शनचे गाण्यांचे आणि करमणुकीचे संमिश्र कार्यक्रम भंडारा जिल्ह्यात आले तेव्हा तिथे आधीपासून कोण बसले होते, आणि त्या दोघांची गाठ कशी पडली, याचा.

३/
आधी थोडा कालक्रम. भारतात दूरचित्रवाणीचे प्रायोगिक प्रक्षेपण १५ सप्टेंबर १९५९ रोजी दिल्लीत सुरू झाले. मुंबई केंद्र उघडले २ ऑक्टोबर १९७२ रोजी. त्या केंद्राने लवकरच स्वतःचा असा मराठमोळा बाज घडवला. विनायक चासकर यांचा 'गजरा', सुहासिनी मुळगावकर यांचा 'प्रतिभा आणि प्रतिमा', गुरुवारचे 'छायागीत', आणि १९७२ पासून जवळजवळ एकवीस वर्षे चाललेला तबस्सुम यांचा 'फूल खिले हैं गुलशन गुलशन'. प्रहसन, मुलाखत, नकला, गाणे हे सारे एका ताटात वाढायचे, ही त्या काळच्या पडद्याची रीत होती.

४/
भंडाऱ्यापर्यंत मात्र यातले काहीच पोहोचत नव्हते. मुंबईच्या प्रक्षेपकाचा पल्ला सह्याद्रीच्या अलीकडे-पलीकडे संपे. भंडारा तिथून सुमारे नऊशे किलोमीटर. संपूर्ण सत्तरचे दशक या जिल्ह्याने 'गजरा' पाहिला तो वर्तमानपत्रांतून, म्हणजे वाचला. महाराष्ट्राच्या दूरचित्रवाणीविषयीच्या आठवणी लिहिताना हे विसरले जाते. 'आपल्या सर्वांचे बालपण' म्हणून जे सांगितले जाते, ते पुष्कळदा मुंबई-पुण्याचेच बालपण असते.

५/
भंडाऱ्याचा बुधवार तोवर रेडिओचा होता. १९५२ मध्ये माहिती व नभोवाणी मंत्री बा. वि. केसकर यांच्या धोरणामुळे आकाशवाणीवरून चित्रपटगीते आटली, आणि त्याच वर्षाच्या डिसेंबरात रेडिओ सिलोनवरून अमीन सायानी यांची 'बिनाका गीतमाला' सुरू झाली. वारही बुधवार, वेळही रात्री आठची. पुढे चित्रहाराने नेमका हाच वार आणि जवळपास हीच वेळ धरली. हा योगायोग असेल. पण ज्या घरांत तीस वर्षे बुधवारी लवकर जेवणे उरकली जात होती, त्या घरांना नवी सवय लावून घ्यावी लागली नाही.

६/
जगभर संमिश्र कार्यक्रमांची कुळकथा एकाच ठिकाणी जाऊन पोहोचते. ते ठिकाण म्हणजे रंगमंच. अमेरिकेत व्हॉडव्हिल नावाची परंपरा होती. एका तिकिटात गायक, विदूषक, जादूगार, कसरतपटू. चित्रपटाने ती मोडली आणि तिचे कलावंत रेडिओमार्गे दूरचित्रवाणीत शिरले. १९४८ मध्ये सुरू झालेला एड सलिव्हनचा कार्यक्रम ही तिचीच पडद्यावरची आवृत्ती. ९ फेब्रुवारी १९६४ रोजी बीटल्स तिथे गायले तेव्हा सुमारे ७ कोटी ३० लाख लोक पाहत होते. म्हणजे तिथे आधी रंगमंच संपला, मग पडदा आला.

७/
भंडाऱ्यात क्रम वेगळा झाला. पडदा आला तेव्हा रंगमंच जिवंत होता.
आणि नुसता जिवंत नव्हे, भरात होता.

८/
हा धानाचा मुलूख. दिवाळीच्या सुमारास हलके धान कापून होते, हातात चार पैसे खुळखुळतात, आणि भाऊबीजेपासून गावोगावी मंडई भरू लागते. आज या गावी, उद्या त्या गावी. गोवारी ढाल घेऊन नाचत येतात. लेकी-जावयांना बोलावणे जाते. ढिवर बायका तलावातले शिंगाडे उकडून टोपल्यांत मांडतात. दुपारी मंडईच्या मैदानात खडी गंमत, रात्री दंडार किंवा नाटक. तेव्हाचा भंडारा जिल्हा आजच्या गोंदियासह होता (१ मे १९९९ रोजी तो विभागला गेला), आणि पूर्वेकडच्या या साऱ्या पट्ट्याला लोक झाडीपट्टी म्हणत आले आहेत.

९/
खडी गंमत म्हणजे उभ्याने करायची गंमत. मंच नाही, पडदा नाही. लोक गोल करून बसतात आणि मधल्या मोकळ्या जागेत शाहीर, ढोलकीवाला, तुणतुणेवाला, गमत्या आणि नाच्या. गण होतो, गौळण होते, मग लावणी, सवाल-जबाब, प्रहसन. नाच्या हा पुरुषच असतो. लुगडे नेसलेला, पायात चाळ बांधलेला. तासाभरात प्रेक्षक देवाला हात जोडतो, पोट धरून हसतो, एखाद्या ओळीला डोळे पुसतो. दूरदर्शनच्या भाषेत बोलायचे तर, संमिश्र कार्यक्रमच तो.

१०/
अंगणात नळा धरून उभ्या असलेल्या त्या मुलाचे आबाजी तरुणपणी नाच्या होते.

११/
हे वाक्य त्या घरात सहसा उच्चारले जात नसे. गुरुजी जिल्हा परिषदेचे शिक्षक. गावात मान होता. लहानपणी शाळेत "नाच्याचा पोरगा" म्हणून ऐकून घेतलेले त्यांच्या मनातून गेले नव्हते. आबाजींची चाळाची पेटी त्यांनी माळ्यावर ठेवून दिली होती. मंडईच्या दिवसांत मुलांनी गमतीच्या गोलात जाऊन बसावे, हे त्यांना रुचत नसे. दूरचित्रवाणी संच नागपूरच्या सीताबर्डीवरून त्यांनी आणला, त्यामागे बातम्या आणि शेतीचे कार्यक्रम होते, मुलांचे हिंदी सुधारावे हे होते, आणि न बोललेले आणखी एक कारण होते. घरात शिष्टसंमत करमणूक आली, तर मैदानातली सुटेल.

१२/
संच घरात येण्यामागे मोठ्या जगाची उलथापालथ होती. १५ ऑगस्ट १९८२ रोजी राष्ट्रीय कार्यक्रम आणि रंगीत प्रक्षेपण सुरू झाले. त्यासाठी एप्रिलमध्ये सोडलेला इन्सॅट-१ए उपग्रह सप्टेंबरातच निकामी झाला. ऑगस्ट १९८३ अखेरीस इन्सॅट-१बी अवकाशात गेला आणि मग देशभर प्रक्षेपकांची रांग लागली. भंडारा शहर नागपूरपासून सुमारे साठ किलोमीटर, पवनीकडची गावे त्याहून दूर, म्हणजे लहरींच्या अगदी काठावर. म्हणून तो उंच नळा, म्हणून बूस्टर, आणि म्हणून वारा सुटला की मुंग्या. दिल्लीहून निघालेले गाणे आकाशात छत्तीस हजार किलोमीटर वर जाऊन परत येई आणि शेवटच्या वीस हातांत एका मुलाच्या मनगटावर अवलंबून राही.

१३/
संच कृष्णधवल, लाकडी पेटीतला, दोन्ही बाजूंना सरकणारी दारे असलेला. बुधवारी त्याला उचलून ओसरीवर आणत आणि तोंड अंगणाकडे करत. लोक कसे बसत हे पाहण्यासारखे होते. पुढे लहान मुले मातीवर, एका अंगाला बायका, मागे गडी माणसे उकिडवी, अगदी मागे बैलगाडीच्या साटीवर तरुण पोरे. कोणी ठरवून दिले नव्हते. मंडईत गंमत पाहायला बसण्याची पद्धत होती, तीच अंगणात आली. गाण्याला दादही तशीच जाई, मोठ्याने, नाव घेऊन. पडद्यावरच्या नटीला ती ऐकू जात नाही, एवढाच फरक.

१४/
चित्रहार अर्ध्या तासाचे. त्यात जाहिराती, निवेदन आणि मोजकी गाणी. कुठले गाणे लागणार हे आधी ठाऊक नसे. आजच्या वाचकाला, हवे ते गाणे हवे तेव्हा मिळणाऱ्याला, या अनिश्चिततेची गोडी समजावून सांगणे कठीण आहे. आवडते गाणे लागले की ते पुन्हा दिसायला महिने लागतील हे माहीत असे, म्हणून माणसे ते डोळ्यांनी पाठ करत. मध्येच चित्र जाऊन 'रुकावट के लिए खेद है' ही पाटी आली की सबंध अंगणातून एक उसासा निघे. वीज गेली तर मात्र कोणी उठत नसे. बसून राहत, गप्पा मारत, आणि वीज येईपर्यंत कार्यक्रम संपलेला असे.

१५/
आबाजी खाटेवर बसून चित्रहार पाहत. सुरुवातीला कोणाच्या लक्षात आले नाही, पण ते गाणे ऐकत नसत, मोजत. उजव्या हाताची बोटे खाटेच्या माच्यावर पडत राहत. शब्दांशी त्यांना कर्तव्य नव्हते. हिंदी त्यांना बेताचेच समजे. त्यांना हवी होती ती चाल.

१६/
हे इतिहासाच्या दृष्टीने महत्त्वाचे आहे. लोकशाहीर म्हणजे केवळ जुने जपून ठेवणारा, ही शहरी समजूत आहे. गावातला शाहीर सतत नव्या चालींच्या शोधात असे. कीर्तनातील, संगीत नाटकातील, रेडिओवरील, कुठलीही. चाल उचलायची आणि तिच्यावर आपले शब्द बसवायचे. ते शब्द कापणीचे असतील, सावकाराचे, दारूबंदीचे, निवडणुकीचे. प्रेक्षकाला चाल ओळखीची वाटली की तो अर्धा जिंकलेला असतो. रेडिओने या कामी तीस वर्षे कच्चा माल पुरवला होता. चित्रहाराने त्यात भर घातली.

१७/
त्या वर्षीच्या मंडईत गमतीच्या गोलात शाहिराने एक गौळण धरली आणि मुले चपापली. चाल बुधवारची! शब्द मात्र कृष्णाचे आणि दह्या-दुधाचे. चार आठवड्यांपूर्वी अंगणात बसलेली सारी माणसे इथेही होती. ढोलकी सुरू झाली तशी ती हसू लागली, एकमेकांना कोपर मारू लागली. गाण्यातले शब्द आबाजींचे होते. शाहिराने तसे जाहीर सांगितलेही. गुरुजी मैदानाच्या कडेला, पानठेल्यापाशी उभे होते. ते आत आले नाहीत, पण घरीही गेले नाहीत.

१८/
आबाजींची चित्रहाराबद्दल एकच तक्रार होती, आणि ती एका नर्तकाची तक्रार होती.
"तोंडच दाखवून राह्यला. पाय कोन दाखवन?"

१९/
या तक्रारीत चित्रपटगीतांच्या चित्रणाविषयी एक नेमके निरीक्षण आहे. त्या काळच्या पुष्कळ गाण्यांत नाचाची खरी जागा आली की कॅमेरा चेहऱ्यावर जातो, नाहीतर फुलांवर, कारंज्यावर, दूरच्या डोंगरावर. संकलक एका नाचाचे वीस तुकडे करून जोडतो. मैदानात गोल करून बसलेल्या प्रेक्षकाला ही मुभा नव्हती आणि नाच्यालाही नव्हती. चारी बाजूंनी माणसे. पाय चुकला तर कोणाला ना कोणाला दिसणारच. आबाजी खाटेवरून पडद्याकडे पाहत आणि जिथे कॅमेरा वळे तिथे तोंडाने बोल म्हणून राहिलेली पावले पुरी करत. त्या मुलाला नाचातले जे काही कळले, ते या न दिसणाऱ्या पावलांतून कळले.

२०/
खरी टक्कर व्हायची ती ३१ डिसेंबरला. दूरदर्शनचा वर्षअखेरीचा खास कार्यक्रम मध्यरात्रीपर्यंत चाले. गाणी, नकला, कव्वाली, नटनट्या. (जपानमध्ये 'कोहाकू उता गास्सेन' हा गाण्यांचा सामना १९५१ मध्ये जानेवारीत रेडिओवर सुरू झाला आणि १९५३ च्या अखेरीपासून दूरचित्रवाणीवर याच रात्री होतो. वर्षाची शेवटची रात्र गाण्यात घालवावी असे माणसांना सर्वत्र वाटत असावे.) पण डिसेंबर हा झाडीपट्टी नाटकांचा ऐन हंगाम. वडसा हे या नाटकमंडळ्यांचे मुख्य ठिकाण. नदीपलीकडे, आजच्या गडचिरोली जिल्ह्यात. दिवसा शंकरपट, रात्री नाटक, असा बेत गावोगावी असे. नाटक रात्री दहा-अकराला सुरू होऊन पहाटे संपे. प्रेक्षक नीट बसावेत म्हणून जमीन खोदून उतार केलेला असे, त्यात हजारो माणसे घोंगड्या पांघरून बसत.

२१/
मग गावाने काय निवडले? दोन्ही. बारापर्यंत पडदा, बारानंतर नाटक. नाटकाचा पहिला अंक तसाही लांबलेला असे.
दूरदर्शनने लोककला मारल्या, हे विधान परिषदांतून सरसकट केले जाते. झाडीपट्टीपुरते ते टिकत नाही. इथल्या नाटकांनी पडद्याला तोंड दिले ते त्याला गिळून. प्रवेशांच्या मध्ये चित्रपटगीतावरचा नाच आला, ऑर्गन-तबल्याच्या जोडीला विजेची वाद्ये आली, मुंबई-पुण्याचे ओळखीचे चेहरे हंगामापुरते येऊ लागले. जाणकारांनी नाके मुरडली. त्यांचे अगदीच चूक नव्हते, कारण या भरतीत जुनी परसंगी दंडार मागे पडली. पण तिकीटबारी चालू राहिली आणि कलावंतांची घरे चालली. २०२३ मध्ये झाडीपट्टीचे नट परशुराम खुणे यांना पद्मश्री मिळाली, तेव्हा शहरी महाराष्ट्राला ही रंगभूमी जणू नव्याने दिसली. ती कुठे गेलेली नव्हती.

२२/
खडी गंमतीचे तसे झाले नाही. तिला तिकीट नव्हते, मंच नव्हता, आणि नाच्याच्या अंगी चिकटलेली हेटाळणी होती. पुढच्या पिढीतला मुलगा लुगडे नेसायला तयार होईना. गुरुजींचे दुःख हे एका घरापुरते नव्हते. कलेवर प्रेम आणि कलावंताच्या मुलाला टोमणा, हे दोन्ही एकाच गावातून येत होते.

२३/
भाषेचाही प्रश्न होता. दूरदर्शनवर वेगवेगळ्या भारतीय भाषांतील चित्रपटगीतांचे 'चित्रमाला' लागे. त्यात मराठी गाण्याची पाळी आली की अंगणात एकदम गलबला होई. १५ ऑगस्ट १९८८ रोजी 'मिले सुर मेरा तुम्हारा' प्रथम दाखवले गेले आणि त्यातल्या मराठी ओळीसाठी मुले कान टवकारून बसू लागली. मात्र ती मराठी पुस्तकातली. 'डोळा'ला 'डोरा' म्हणणारी झाडीबोली, जिच्यात आबाजी विचार करत आणि गौळणी रचत, ती पडद्यावरून ऐकू येत नसे. त्या बोलीची आणि दंडारीची शास्त्रशुद्ध नोंद घेण्याचे काम पुढे साकोलीच्या डॉ. हरिश्चंद्र बोरकर यांनी हयातभर केले, हे या जिल्ह्याचे भाग्य.

२४/
नंतरचे सर्वांना ठाऊक आहे. २ ऑक्टोबर १९९२ रोजी झी आले, १९९३ मध्ये 'अंताक्षरी', १९९५ मध्ये 'सा रे ग म'. १९९९ मध्ये मराठी वाहिनी आली, पुढे लहान मुलांच्या स्पर्धा आणि एसएमएसने मते. संच घरोघरी झाले. अंगण रिकामे झाले. गाणे कदाचित सुधारले. ऐकणारा एकटा पडला.

२५/
आता नोंदींविषयी. त्या काळी चित्रफीत महाग असे, म्हणून एकच फीत पुसून पुन्हा वापरण्याची पद्धत जगभरच्या केंद्रांत होती. अमेरिकेतले, ब्रिटनमधले कितीतरी कार्यक्रम असेच गेले. तरीही चित्रहारात दाखवलेली गाणी मूळ चित्रपटांमुळे वाचली. ती आज कोणत्याही फोनवर क्षणात सापडतात. आबाजींच्या गौळणीची फीत पुसली गेली नाही, कारण ती निघालीच नव्हती. एकही छायाचित्र नाही. मंडईत कॅमेरा आणणारे तेव्हा कोण होते?

२६/
जागाही उरली नाही. २२ एप्रिल १९८८ रोजी राजीव गांधींच्या हस्ते पवनी तालुक्यातील गोसेखुर्द येथे वैनगंगेवरील धरणाची पायाभरणी झाली. काठची अनेक गावे पुढे उठली, त्यांत हेही एक. नव्या वसाहतीत रस्ते सरळ आहेत, मंडईही भरते. जुने मैदान, ज्याच्या मातीला कुठे दबायचे आणि कुठे नाही हे नाच्यांच्या टाचांना पाठ होते, ते पाण्याखाली आहे. आबाजी त्याआधीच गेले. सामान हलवताना माळ्यावरची पेटी गुरुजींनी स्वतः खाली उतरवली आणि आपल्या मांडीवर ठेवून ट्रॅक्टरमधून नेली.

२७/
नळा धरून उभ्या असणाऱ्या त्या मुलाने आता पन्नाशी ओलांडली आहे. गेल्या दिवाळीत बहीण माहेरी आली होती. त्याने फोनवर ते बुधवारचे गाणे शोधून काढले. गाणे सुरू झाले आणि दोघांच्याही ध्यानात आले की मूळ हिंदी शब्द त्यांना येतच नाहीत. त्या चालीवर त्यांना येतात ते आबाजींचे शब्द. चार कडव्यांपैकी दोन त्याला पूर्ण आठवली. तिसऱ्याची एक ओळ बहिणीने दिली. चौथे दोघांनाही आठवेना.

२८/
तेव्हा ऐंशी गाठलेले गुरुजी खाटेवरून म्हणाले, "थांब, मले येते." आणि त्यांनी चौथे कडवे सबंध म्हणून दाखवले, एक शब्द न चुकता, पानठेल्यापाशी उभे राहून ऐकलेले. नातीने ते फोनवर मुद्रित केले. गाणे पडद्यावर चालूच होते. अंतऱ्यानंतर नाचाची जागा आली आणि कॅमेरा कारंज्याकडे वळला. गुरुजींची बोटे खाटेच्या माच्यावर पडत राहिली.